अँटिबायोटिक चालू असताना दारू: नक्की काय होतं?

सायली_नं (गुरुवार, दुपार)
मंडळी, उत्तर शनिवारच्या आत हवंय म्हणून नवा धागा काढतेय. विषय आधी झाला असेल तर माफ करा.

दादाच्या (वय ३४) दाढेखाली पू झालाय. मंगळवारी संध्याकाळी डेंटिस्टने पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. गाल अजून सुजलेला आहे, पण ठणका थांबल्यामुळे स्वारी खुशीत आहे. शनिवारी रात्री त्याचे शाळेतले मित्र १८ वर्षांनी भेटणार आहेत आणि तिथे पिणं होणार हे उघड आहे. दादाचा बेत असा: शनिवारी सकाळची गोळी घ्यायची, दुपारची आणि रात्रीची टाळायची, म्हणजे गोळी आणि दारू 'पोटात एकत्र येणार नाहीत', आणि रविवारपासून पुन्हा सुरू. मी म्हटलं, असं चालत नाही. तो म्हणाला, का चालत नाही ते सांग. मला सांगता आलं नाही.

लहानपणापासून ऐकत आलेय की अँटिबायोटिकवर दारू चालत नाही. पण का? गोळीचा गुण जातो? लिव्हरवर येतं? की नुसतीच धाकाची गोष्ट आहे? 'दारू वाईटच' हे मला मान्य आहे, पण दादाला ते ऐकवून उपयोग नाही. नेमकं कारण हवंय.

चकवा
काही होत नाही. मागच्या वर्षी घशासाठी अ‍ॅझिथ्रोमायसिन चालू होतं, दुसऱ्याच दिवशी दोन बिअर झाल्या. शांत झोप लागली आणि घसाही बरा झाला.

रानवाट
चकवा, तुम्हाला काही झालं नाही हे चांगलंच. पण माझ्या मावसभावाला एका ग्लासातच दवाखाना गाठावा लागला होता. तोंड लालबुंद, छातीत धडधड, उलटीवर उलटी. गोळीचं नाव आता आठवत नाही, पोट बिघडल्यावर दिलेली होती एवढं नक्की.

गोळीवाला
सायलीताई, स्ट्रिप उलटी करा आणि नाव इथे लिहा. मोठ्या अक्षरातलं कंपनीचं नाव नको, त्याच्या जवळ बारीक अक्षरात औषधाचं नाव असतं ते.

औषधाच्या काउंटरवर उभं राहून मला १९ वर्षं झाली. हा प्रश्न लोक आवाज खाली करून विचारतात. मागचं गिऱ्हाईक निघून जाईपर्यंत उगाच खोकल्याच्या गोळ्या चाळत थांबतात आणि मग, "काका, थोडीशी घेतली तर चालेल ना?" स्ट्रिप हातात घेतल्याशिवाय मी उत्तर देत नाही. अँटिबायोटिक हे एक औषध नाही, ते मोठं खटलं आहे. त्यातल्या बऱ्याच जणांचं दारूशी थेट वैर नाही, काहींचं आहे, आणि दोघातिघांचं फार वाईट आहे. चकवा आणि रानवाट दोघंही खरंच सांगत असतील. दोघांच्या गोळ्या वेगळ्या असणार.

सायली_नं
काका, दोन स्ट्रिप आहेत. एकीवर अमॉक्सिसिलिन ५०० मिग्रॅ. दुसरी कापून दिलेली आहे आणि नाव नेमकं कापलेल्या तुकड्याबरोबर गेलंय. चंदेरी कागदावर '...निडाझोल ४००' एवढंच उरलंय. दोन्ही दिवसातून तीनदा. दादा म्हणतो, ही दुसरी घेतल्यापासून तोंडाला सतत लोखंड चाटल्यासारखी चव येतेय.

गोळीवाला
४०० आणि लोखंडाची चव म्हणजे मेट्रोनिडाझोल. बिलावर पूर्ण नाव असेल, तरी खात्री करून घ्या. दाढेचा पू म्हटलं की ही जोडी ठरलेली असते. रानवाटच्या भावाची पोटाची गोळीही बहुतेक हीच किंवा हिची बहीण टिनिडाझोल.

या दोघींच्या माहितीपत्रकात दारू टाळा असं स्पष्ट छापलेलं असतं. ब्रिटनच्या एनएचएसचा (तिथली सरकारी आरोग्यसेवा) सल्ला असा: मेट्रोनिडाझोल संपल्यावर आणखी २ दिवस आणि टिनिडाझोल संपल्यावर ३ दिवस दारू नको. अमेरिकेतलं माहितीपत्रक मेट्रोनिडाझोललाही किमान ३ दिवस सांगतं. अमॉक्सिसिलिनचं दारूशी असं भांडण नाही.

रातराणी
मी फिजिशियन आहे, आज रात्रपाळी, मध्ये थोडा वेळ मिळालाय म्हणून लिहिते.

सायली, आधी कारण. आपण घेतलेल्या दारूचं लिव्हरमध्ये प्रथम अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं. हे त्रासदायक रसायन आहे. एक एन्झाइम त्याचं लगेच अ‍ॅसिटेटमध्ये रूपांतर करतं आणि सुटका होते. हे दुसरं एन्झाइम अडवलं की अ‍ॅसिटाल्डिहाइड साठत जातं: चेहरा तापतो, डोकं ठणकतं, छाती धडधडते, मळमळ, उलट्या, कधी बीपी पडतं. असं मुद्दाम करणारं औषध म्हणजे डायसल्फिरम, दारू सोडवायला देतात ते. रबर कारखान्यातल्या कामगारांना तसल्याच रसायनांमुळे दारू सोसत नाही, हे १९३७ मध्येच एका डॉक्टरने नोंदवलं होतं. पुढे १९४८ मध्ये कोपनहेगनच्या हाल्ड आणि याकोबसेन यांनी ते दारू सोडवण्याचं औषध म्हणून पुढे आणलं. याकोबसेन आणि हाल्ड ते जंतांवरचं औषध म्हणून तपासत होते, स्वतः घेऊन पाहिलं आणि नंतर मद्य घेतल्यावर आजारी पडले.

मेट्रोनिडाझोलवर दारू घेतल्यावर लोकांनी अगदी असाच त्रास सांगितला, म्हणून तेही त्याच पंगतीत बसवलं गेलं. सेफोपेराझोन, सेफोटेटान ही काही इंजेक्शनंही त्याच पंगतीतली. त्यांच्या रेणूला एक विशिष्ट शेपूट असते, ती हे एन्झाइम अडवते.

कणाद
डॉक्टर, इथे थोडी असहमती नोंदवतो. मेट्रोनिडाझोलचा हा दावा जुन्या एकेकट्या रुग्णांच्या हकिगतींवर उभा आहे. २००२ मध्ये फिनलंडमध्ये नीट प्रयोग झाला. १२ निरोगी पुरुष, काहींना ५ दिवस मेट्रोनिडाझोल, बाकीच्यांना नकली गोळी, कोणाला काय दिलंय हे कोणालाच माहीत नाही. मग सगळ्यांना दारू दिली. रक्तातलं अ‍ॅसिटाल्डिहाइड वाढलं नाही आणि दोन्ही गटांत त्रासाचा फरक दिसला नाही. अमेरिकेच्या सीडीसीने (तिथली सरकारी रोगनियंत्रण संस्था) २०२१ च्या गुप्तरोगांवरच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तर सरळ लिहिलंय की मेट्रोनिडाझोल किंवा टिनिडाझोल चालू असताना दारू टाळण्याची गरज नाही. मग इतकी वर्षं लोकांना कशाच्या नावाने घाबरवलं?

ओलेती
कणाद, प्रयोग मला माहीत नाही, माझं सांगते. कोर्सच्या चौथ्या दिवशी एका वाढदिवसाला अर्धा ग्लास वाइन घेतली. वीस मिनिटांत कानाच्या पाळ्या इतक्या तापल्या की कानातलं काढून पर्समध्ये टाकावं लागलं. मग बाथरूमच्या फरशीवर गाल टेकून तासभर पडून होते, फरशीचा गारवा तेवढा सहन होत होता. वाइन मला एरवी कधी बाधत नाही. मेट्रोनिडाझोलच होतं.

कणाद
ओलेती, तुमच्या त्रासावर शंका नाही. पण मेट्रोनिडाझोल एकट्यानेही मळमळ, उलटी, डोकेदुखी देतं. दोघांपैकी नेमकं कशाने झालं हे एका हकिगतीवरून कळत नाही, इतकंच.

ओलेती
तीन दिवस नुसत्या गोळीने झालं नाही, चौथ्या दिवशी ग्लास खाली ठेवायच्या आत झालं. मला तेवढं पुरेसं आहे.

रातराणी
कणादचा मुद्दा खरा आहे आणि त्यांनी तो मांडला हे बरं झालं. तो प्रयोग मीही वाचलाय. पण तो १२ जणांचा होता, सगळे निरोगी पुरुष, आणि दारू वजनाच्या किलोमागे ०.४ ग्रॅम. म्हणजे ६० किलोच्या माणसाला २४ ग्रॅम, साधारण दोन लहान बाटल्या बिअर. बहुतेकांना काही होत नाही, हे त्यावरून मी मान्य करते. कोणालाच काही होत नाही हे मात्र सिद्ध होत नाही. अ‍ॅसिटाल्डिहाइड न वाढताही काहींना त्रास होत असेल, हेही शक्य आहे. सीडीसीची सूचना माझ्या मते वेगळ्या हेतूची आहे. एखादी बाई 'काल प्यायले, आता गोळी नको' म्हणून उपचार टाळू नये, हे त्यांना महत्त्वाचं वाटतं.

म्हणून मी पेशंटला दोन गोष्टी सांगते. ठरवून पिऊ नका. आणि चुकून प्यायलात तर घाबरू नका, गोळीही बंद करू नका. उलट्या थांबत नसतील, छातीत दुखलं, धाप लागली किंवा चक्कर येऊन पडलात, तर मात्र थेट दवाखाना.

पाटीपेन्सिल
आपल्या भाषेने मात्र दोघांचं लग्न कधीच लावून दिलंय: दवादारू! :)

जुनी_वही
अवांतर, पण पाटीपेन्सिल, त्यात तथ्य आहे. फारसीत 'दारू' म्हणजे औषधच. दवादारू म्हणजे एकच अर्थ दोनदा, कामधाम किंवा बाजारहाट यांच्यासारखा. आपल्याकडे तोच शब्द पिण्याच्या दारूला लागला आणि तोफेच्या दारूलाही.

आणखी एक अवांतर. 'अँटिबायोटिकवर पिऊ नका' हा नियम लढाईच्या काळातल्या लघवीतून आला, अशी एक कथा सांगतात. ती किती खरी हे राहू द्या, तिच्यामागची घटना मात्र पक्की आहे. १९४१ च्या फेब्रुवारीत ऑक्सफर्डमध्ये अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाला पेनिसिलिन दिलं. तेव्हा ते इतकं दुर्मीळ होतं की त्याच्या लघवीतून गाळून पुन्हा त्यालाच टोचत होते. तो सुधारत होता, पण साठा संपला आणि मार्चमध्ये तो गेला. कथा अशी की पुढे सैनिकांना बिअर बंद केली, कारण बिअरने लघवी वाढते आणि तिच्यातून पेनिसिलिन परत मिळवणं अवघड होतं.

रानवाट
जुनी_वही, हे वाचून कसंतरीच झालं. पाच दिवसांचं औषध पुरलं नाही म्हणून माणूस गेला, आणि आपण ते भेटीगाठीपायी चुकवायचं म्हणतोय.

भुईचक्र
एवढी चर्चा कशाला? डॉक्टर-केमिस्टने सगळ्यांना सरसकट 'नाही' सांगावं. कोणत्या औषधाला चालतं, कोणत्याला नाही, हे सामान्य माणूस कुठे लक्षात ठेवणार?

गोळीवाला
भुईचक्र, पहिली काही वर्षं मी तसंच सांगायचो. मग लक्षात आलं की लोक दारू सोडत नाहीत, गोळी सोडतात. सायलीताईंच्या दादांचा बेत बघा ना, 'दोन्ही एकत्र नको' हे त्यांनी ऐकलं आणि गोळी टाळायची ठरवली. दर सणासुदीला, दर शनिवारी हेच चालतं. अर्धवट मात्रेने जंतू मरत नाहीत, औषध सोसायला शिकतात. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगने १९४५ च्या नोबेल भाषणातच हा इशारा दिला होता.

आता दादांच्या बेताचा हिशेब. त्यांना हे दाखवाच. मेट्रोनिडाझोल रक्तात अर्धं व्हायला साधारण ८ तास लागतात. सकाळी ८ ला गोळी घेतली आणि रात्री ९ ला ग्लास उचलला, तर १३ तास झाले. त्या गोळीतलं जवळपास एक तृतीयांश अजून रक्तात आहे, वर आधीच्या दिवसांचं उरलेलं वेगळंच. उलट अमॉक्सिसिलिन अर्धं व्हायला तासाभराच्या आसपासच लागतो. रात्री ९ पर्यंत त्याचा मागमूस नाही. म्हणजे ज्याचं दारूशी भांडण आहे असं म्हणतात ते अंगात बसून, आणि ज्याचं भांडण नाही, जे बिचारं दाढेतल्या जंतूंशी लढत होतं, ते घालवून दिलं. गोळी चुकवून दादांना मिळालं काय?

अर्धं होण्याचे असे पाच टप्पे झाले की औषध जवळपास संपतं. ८ पाचे ४० तास, म्हणून २ दिवस. टिनिडाझोलला १२ ते १४ तास लागतात, म्हणून ३ दिवस. हे आकडे कोणी मनाने काढलेले नाहीत.

सायली_नं
काका!! हेच हवं होतं. दादाला पाठवलं. निळ्या खुणा आल्यात, उत्तर नाही.

चकवा
गोळीवाले काका, मग माझं अ‍ॅझिथ्रोमायसिन? ते चालतं असं समजू ना?

गोळीवाला
थेट भांडण नाही. पण त्याचा अर्धा टप्पा जवळजवळ ६८ तासांचा आहे. तीन दिवसांचा कोर्स संपल्यावरही ते आठवडाभर अंगात काम करत असतं. 'गोळ्या संपल्या, आता मोकळा' असं काही नसतं. आणि घसा दुखत असताना, ताप असताना दारू घेतली की लघवी वाढते, अंगातलं पाणी जातं, झोप उथळ होते. जंतूंशी लढायचं काम शेवटी शरीरालाच करायचं असतं.

खऱ्या काळजीची आणखी नावं सांगतो. लिनेझोलिड: यावर असताना नळाची बिअर आणि रेड वाइन यांच्यातल्या टायरामिन नावाच्या पदार्थाने बीपी एकदम उसळू शकतं. जुनं मुरवलेलं चीजही त्यात आलं. डॉक्सिसायक्लिन: रोज भरपूर पिणाऱ्याचं लिव्हर ते झपाट्याने संपवतं, म्हणजे मात्रा कमी पडते. आणि टीबीची औषधं, त्यांच्यावर डॉक्टरांनी लिहावं.

उगवती
टीबीवर मी लिहिते, घरातलं आहे. नवऱ्याचे सहा महिन्यांचे उपचार चालू होते. पहिले दोन महिने चार औषधं, नंतर कमी. चौथ्या महिन्यात खोकला गेला, वजन वाढलं, चेहऱ्यावर तजेला आला. त्याला वाटलं आता बरा झालो. आठवड्यातून दोनदा बसायला लागला, मला नंतर कळलं. एक दिवस दाढी करताना आरशात वाकून वाकून बघत होता. मी जवळ गेले तर डोळ्यांचं पांढरं हळदीसारखं. लिव्हरचे रिपोर्ट इतके वाढले होते की औषधं थांबवावी लागली. तीन आठवड्यांनी एकेक करून पुन्हा सुरू केली, प्रत्येक औषधानंतर रक्ततपासणी. त्या तीन आठवड्यांत मला एकच भीती होती, औषध बंद आहे आणि आतला जंतू जागा आहे.

रातराणी
उगवती, तुम्ही डोळे वेळेवर पाहिलेत. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड तिन्ही लिव्हरवर ताण देतात, त्यात दारू आली की धोका बराच वाढतो. तिथे 'एखाद्या दिवशी चालेल का' याला माझं उत्तर नाही असंच आहे. भूक मरणं, सतत मळमळ, गडद लघवी, पिवळे डोळे, यातलं काहीही दिसलं की त्याच दिवशी डॉक्टर. आयसोनियाझिडने हातापायांना मुंग्याही येतात, दारू पिणाऱ्याला जास्त. म्हणून सोबत व्हिटॅमिन बी-६ देतो.

आणखी एक, सगळ्यांसाठी. दुखतंय, ताप आहे म्हणून अँटिबायोटिकबरोबर पॅरासिटामॉल हमखास असतं. रोज पिणाऱ्याच्या लिव्हरमध्ये त्याचा विषारी अंश निकामी करणारं ग्लुटाथायोन आधीच कमी असतं. बरेचदा खरा धोका अँटिबायोटिकपेक्षा या साध्या गोळीचा असतो, आणि तिच्याबद्दल मला कोणीच विचारत नाही.

पाटीपेन्सिल
मग खोकल्याचं औषध? माझ्या बाटलीवर बारीक अक्षरात अल्कोहोल लिहिलंय.

गोळीवाला
चांगलं पाहिलंत. काही कफ सिरप, टॉनिक आणि माउथवॉशमध्ये अल्कोहोल असतं. एक चमचा म्हणजे फार नाही, पण मेट्रोनिडाझोल चालू असेल तर बिनअल्कोहोलचं मागा, सहज मिळतं. सायलीताई, दाढेसाठी माउथवॉशही दिलं असेल तर त्याची बाटली बघा. चुळा भरायचं आहे, गिळायचं नाही, पण बघून ठेवा.

ओसरी
धागा दोन दिवस वाचतेय. लिहू की नको करत होते. आता लिहिते, कारण कोणाच्या तरी घरी उपयोगी पडेल.

बाबांना न्यूमोनिया झाला आणि अ‍ॅडमिट केलं. सलाइनमधून अँटिबायोटिक सुरू झालं. फॉर्म भरताना विचारलं, तंबाखू? आई म्हणाली, नाही. दारू? आई म्हणाली, नाही. बाबा रोज रात्री तीन पेग घ्यायचे, वीसेक वर्षं तरी. आईने खोटं सांगितलं कारण समोर मामा उभे होते. मीही गप्प बसले. वाटलं, तसंही आता अँटिबायोटिक चालू आहे, इथे दारू मिळणारच नाही, मग सांगून काय करायचं?

दुसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, घाम. आम्ही म्हटलं ताप उतरतोय. तिसऱ्या रात्री मी शेजारी बसले होते. बाबा चादरीवरून काहीतरी उचलायला लागले. चिमटीत धरायचे आणि माझ्या तळहातावर ठेवायचे. काहीच नव्हतं, नसलेले दोरे होते. "नीट ठेव गं, हरवतील." मी मूठ मिटून बसले. मग त्यांना त्यांची गेलेली बहीण दारात दिसायला लागली. मी नर्सना म्हटलं, हे औषध डोक्यात गेलंय, आधी ते बंद करा. त्यांनी मला बाहेर नेलं आणि हळू आवाजात विचारलं, "ताई, खरं सांगा, घेतात का? रोज?"

मी हो म्हटलं. त्यानंतर सगळं फार लवकर झालं. डॉक्टर धावत आले, इंजेक्शनं बदलली. बाबा आठव्या दिवशी घरी आले. आईशी मी यावर कधी बोलले नाही, ती अजून त्या फॉर्मबद्दल स्वतःला दोष देते. पण त्या खोलीत मीही होते.

उगवती
ओसरी, तुमचा हात हातात घेते.

रातराणी
ओसरी, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. तुम्ही पाहिलंत तो औषधाचा परिणाम नव्हता, दारू अचानक थांबल्याचा होता. रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या दाबाखाली काम करायला शिकलेला असतो. दाब एकदम निघाला की तो उसळतो. थरथर आणि घाम पहिल्या २४ तासांत, फिट येणार असली तर बहुधा ६ ते ४८ तासांत, आणि भास-भ्रम साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. यात जीव जाऊ शकतो. वेळेत कळलं तर झोपेच्या गटातली औषधं आणि थायमिनचं (व्हिटॅमिन बी-१) इंजेक्शन, यांनी माणूस सावरतो.

'अँटिबायोटिक आहे, उद्यापासून एक थेंबही नाही' हा सल्ला कधीमधी घेणाऱ्याला ठीक आहे. रोज घेणाऱ्याने मनाने एकदम बंद करू नये, आधी डॉक्टरला आकडा सांगावा. आम्ही तो आकडा कोणाला सांगत नाही. ६० मिलिच्या एका पेगमध्ये जवळपास १९ ग्रॅम अल्कोहोल असतं आणि शरीर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम जाळतं. रोजचे किती हे कळलं की पुढचं औषध ठरवता येतं. नातेवाईक बाहेर थांबवून विचारा म्हणालात तर तसं विचारू.

सायली, दादा रोज घेतो का?

भुईचक्र
माझं 'सरसकट नाही' मागे घेतो. ही बाजू कधी डोक्यातच आली नव्हती.

सायली_नं (शुक्रवार, रात्री)
डॉक्टर, तुमचा प्रश्न वाचून मला आधी रागच आला. मग दादाला विचारला. तो बराच वेळ फोनवर गप्प होता. म्हणाला, रोज दोन, शनिवारी चार. तीनेक वर्षं. मला माहीत नव्हतं, आम्ही एका घरात राहत नाही. दाढ दुखायला लागल्यापासून, म्हणजे सोमवारपासून घेतलेली नाही म्हणाला. मंगळवारी हात थोडे थरथरत होते, त्याला वाटलं दुखण्याने. आता काही नाही, घाम नाही, झोप बरी आहे. डेंटिस्टने विचारलं होतं का, तर हो, आणि याने 'कधीतरी' असं सांगितलं होतं.

रातराणी
चार दिवस झाले आणि तो नीट बोलतोय, झोपतोय, म्हणजे धोक्याचा काळ बहुतेक मागे पडला. तरी उद्या सकाळी डेंटिस्टला फोन करून खरा आकडा सांगू दे, आणि पुढच्या आठवड्यात एकदा फिजिशियनकडे, लिव्हरची तपासणी करून. गाल अजून सुजलेला आहे म्हणालीस. सूज वाढली, तोंड उघडेना किंवा गिळताना अडलं तर सोमवारची वाट बघायची नाही. आणि नुसत्या गोळ्यांनी दाढ बरी होत नाही, आतला पू काढावाच लागतो, हे त्याला सांग.

सायली_नं (शनिवार, दुपार)
फोन झाला. डेंटिस्ट अजिबात रागावले नाहीत, वहीत लिहून घेतलं म्हणे. पॅरासिटामॉल किती घ्यायचं ते कमी करून दिलं. दाढेचं काम सोमवारी. गोळ्या रविवारी दुपारी संपतात, दादाने कॅलेंडरवर मंगळवार दुपारवर स्वतःच फुली मारली आहे. आज मित्रांना भेटायला जातोय, सकाळची आणि दुपारची गोळी घेतली, रात्रीची शर्टाच्या खिशात आहे.

कान्होपात्र
चांगला धागा, वाचनखूण साठवली. एक शंका: कानात टाकायच्या अँटिबायोटिक थेंबांनाही हे सगळं लागू आहे का? आठवडाभर चालू आहेत.

गोळीवाला
कानातून रक्तात जाणारं औषध अगदी नगण्य. तरी बाटलीवरचं बारीक अक्षरातलं नाव लिहा, मग सांगतो.